मल्टिपल स्क्लेरॉसिस : उपचार आहेत, वाट मात्र लांबची

आजार तरुणपणी येतो, काही दिवसांत आपोआप ओसरतो आणि पुन्हा परततो. मधल्या काळातील बरे वाटणे हीच त्याची सर्वांत मोठी फसवणूक. 'एमएस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मज्जाविकारावर आज काय उपचार आहेत आणि महानगरापासून दूर राहणाऱ्या रुग्णाला कोणता आधार मिळू शकतो, याचा आढावा.

एका डोळ्यापुढे अचानक धुके यावे, डोळा हलवताना दुखावे आणि दोन-तीन आठवड्यांत ते धुके आपोआप विरून जावे. पुढे वर्षभराने एक पाय बधिर व्हावा, चालताना तोल जावा आणि महिन्याभरात तीही तक्रार ओसरावी. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. डोळ्याचे दुखणे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते, पायाचे दुखणे हाडांच्या डॉक्टरकडे. दोन्ही वेळा आराम पडलेला असतो, त्यामुळे कागदपत्रेही जपून ठेवली जात नाहीत. या दोन घटनांना जोडणारा दुवा मात्र एकच असू शकतो, तो म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस.

जगभरात सुमारे २९ लाख लोक या विकारासह जगत आहेत, असे 'मल्टिपल स्क्लेरॉसिस इंटरनॅशनल फेडरेशन' या जागतिक महासंघाचे अनुमान आहे. बहुतेकांना तो विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान गाठतो. शिक्षण, नोकरी, विवाह, मुले अशा साऱ्या गोष्टी आकार घेत असतानाच तो उपटतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुप्पट ते तिप्पट आढळते. तो संसर्गजन्य नाही आणि बहुतेकांच्या बाबतीत तात्काळ जिवावर बेतणाराही नाही. परंतु उपचारांविना सोडला तर वर्षागणिक शरीराची एकेक क्षमता तो हिरावून घेऊ शकतो.

आवरण उडालेली तार

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतील चेतातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टण, तसेच हे. या आवरणामुळे मेंदूचे संदेश वेगाने व अचूक पोहोचतात. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा या आवरणाला परके समजून त्यावर हल्ला चढवते. आवरण जिथे उडते तिथे संदेश मंदावतो, अडखळतो किंवा थांबतो. दाह ओसरल्यावर त्या जागी कठीण व्रण उरतो. असे अनेक व्रण विखुरलेले सापडतात, म्हणून 'मल्टिपल' आणि ते कठीण असतात, म्हणून 'स्क्लेरॉसिस'. फ्रान्समधील डॉक्टर जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे पहिले सुस्पष्ट वर्णन केले.

व्रण कुठे पडला यावर लक्षण ठरते. डोळ्याच्या नसेवर पडला तर दृष्टी अंधूक होते. मज्जारज्जूत पडला तर पायांत ताठरपणा किंवा बधिरता येते, लघवीवरचा ताबा सुटतो. लहान मेंदूत पडला तर तोल जातो, हात कापतो. म्हणूनच एका रुग्णाचा आजार दुसऱ्यासारखा नसतो. सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये आजाराची सुरुवात उद्रेक आणि उतार अशा आवर्तनांनी होते. या उद्रेकाला डॉक्टर 'रिलॅप्स' म्हणतात. त्यांपैकी अनेकांमध्ये काही वर्षांनी उतार येणे थांबते आणि अपंगत्व हळूहळू वाढू लागते. उरलेल्या दहा-पंधरा टक्क्यांमध्ये तो पहिल्यापासूनच संथपणे वाढत जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की उद्रेक ओसरल्यावरही आजार झोपलेला नसतो. रुग्णाला जाणवणाऱ्या प्रत्येक उद्रेकामागे मेंदूत पाच ते दहा नवे व्रण मूकपणे पडलेले एमआरआयवर दिसतात. तरुण मेंदू इतर मार्गांनी काम भागवून नेतो, म्हणून काही जाणवत नाही. ही शिल्लक हळूहळू संपते. ती संपल्यावर सुरू केलेले औषध गेलेले परत आणू शकत नाही. एमएसच्या आधुनिक उपचारांचा सारा भर लवकर सुरुवात करण्यावर आहे तो यामुळेच.

मुंबईच्या पारशी समाजापासून सुरुवात

हा आजार युरोप-अमेरिकेतील थंड प्रदेशांचा, भारतात तो जवळजवळ नाहीच, असे अनेक वर्षे मानले जात होते. या समजुतीला तडा देणारे महत्त्वाचे संशोधन महाराष्ट्रात झाले. मुंबई व पुण्यातील पारशी समाजात दर लाख लोकांमागे एमएसचे वीस ते पंचवीसच्या घरात रुग्ण असल्याचे डॉ. नादिर भरुचा, डॉ. नोशिर वाडिया आदींच्या १९८८ ते १९९० या काळातील अभ्यासांनी दाखवून दिले. देशातील अन्य समाजांच्या तेव्हाच्या अंदाजांपेक्षा हे प्रमाण कित्येक पटींनी अधिक होते. त्याच सुमारास, १९८५ मध्ये, मुंबईत 'मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. रुग्ण व कुटुंबीयांना माहिती, समुपदेशन, फिजिओथेरपी आणि गरजूंना औषधांसाठी साह्य असे तिच्या कार्याचे स्वरूप असून मुंबई, पुण्यासह देशातील अनेक शहरांत तिच्या शाखा आहेत.

एमआरआय यंत्रे आणि मेंदूविकारतज्ज्ञ वाढले तसे पारशी समाजाबाहेरचे रुग्णही मोठ्या संख्येने उजेडात आले. मंगळूर शहरातील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाखामागे एमएसचे आठच्या आसपास रुग्ण आढळले. एका शहराचा आकडा दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही, परंतु निव्वळ कल्पना येण्यासाठी हिशेब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेनुसार बारा लाख लोकसंख्या असलेल्या भंडारा जिल्ह्यात या प्रमाणाने सुमारे शंभर रुग्ण असायला हवेत. त्यांपैकी किती जणांना आपल्या आजाराचे नाव ठाऊक असेल, हा खरा प्रश्न आहे.

आजार का होतो, याचे संपूर्ण उत्तर अद्याप हाती आलेले नाही. आनुवंशिक कल, 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, किशोरवयातील लठ्ठपणा हे घटक धोका वाढवतात. अमेरिकन सैन्यातील एक कोटीहून अधिक तरुणांच्या नोंदींवर आधारित अभ्यास जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एपस्टाइन-बार या विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो, असे त्यात दिसले. तथापि हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि एमएस मोजक्यांनाच होतो. तेव्हा विषाणू ही एक आवश्यक पायरी असावी, एकमेव कारण नव्हे.

निदान : घाई नको, दिरंगाईही नको

एमएस आहे की नाही, हे एका रक्ततपासणीत सांगता येत नाही. मेंदू व मज्जारज्जूच्या निरनिराळ्या भागांत, निरनिराळ्या काळी व्रण पडले आहेत, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी 'मॅकडोनाल्ड निकष' वापरले जातात. २००१ मध्ये ठरलेले हे निकष वेळोवेळी सुधारले गेले असून आता पहिल्या उद्रेकानंतरही अनेकदा निदान करता येते. एमआरआय हा त्याचा मुख्य आधार आहे. गरजेनुसार पाठीच्या मणक्यांतून पाणी काढून त्यातील विशिष्ट प्रथिनेही तपासली जातात.

भारतात आणि विशेषतः पूर्व विदर्भात डॉक्टरांना आणखी एक काम करावे लागते, ते म्हणजे एमएससारखे दिसणारे इतर आजार वगळणे. मेंदूचा क्षयरोग, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि या भागात आढळणाऱ्या सिकलसेलमुळे मेंदूच्या रक्तपुरवठ्यात येणारा अडथळा ही त्यातली काही उदाहरणे. त्याहून महत्त्वाचा आजार म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. यातही दृष्टी जाते व पाय लुळे पडतात, म्हणून पूर्वी तो एमएसचाच प्रकार समजला जाई. २००४ मध्ये त्याचे स्वतंत्र प्रतिपिंड सापडले आणि चित्र पालटले. एमएसची काही औषधे, उदाहरणार्थ इंटरफेरॉन, या आजारात दिल्यास तो बळावतो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी शंका असल्यास 'अ‍ॅक्वापोरिन-४' आणि 'मॉग' या प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घेणे हिताचे ठरते.

सानगडीहून पाहिले तर

मुंबई-पुण्यातील वाचकाला यात फारसे अवघड काही वाटणार नाही. परंतु हीच वाट भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात, जुन्या किल्ल्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या सानगडीहून चालून पाहावी. गावातून साकोली गाठायची, तिथून महामार्गाने भंडारा आणि पुढे नागपूर. एका बाजूचा प्रवास शंभराहून अधिक किलोमीटरचा. मेंदूविकारतज्ज्ञ, आवश्यक तपासण्या आणि सलाइनमधून द्यावयाची विशेष औषधे एकत्र मिळण्याचे खात्रीचे ठिकाण म्हणजे नागपूर. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, मिहान परिसरातील एम्स आणि काही खासगी रुग्णालये हा पूर्व विदर्भाचा आधार आहे. गोंदियात २०१६ मध्ये आणि भंडाऱ्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्याने हे अंतर पुढे काहीसे कमी होईल, अशी आशा आहे.

अंतर केवळ रस्त्याचे नसते. समजा, गावातील एखाद्या तिशीच्या स्त्रीचा पाय बधिर झाला, तर अशक्तपणा, वात, बाहेरची बाधा असे अर्थ आधी लावले जातात. ज्या उपायानंतर उतार पडला, त्या उपायाला श्रेय मिळते. हा उतार कोणत्याही उपायाविना आला असता, हे सांगणारे कोणी जवळ नसते. पुढचा उद्रेक येईपर्यंत नागपूरला जाण्याचे कारणही उरत नाही. धानाच्या रोवणीचे दिवस असतील तर मजुरी बुडवून जाणे अधिकच अवघड होते. अशा रीतीने आजाराचा स्वभाव आणि अंतर हे दोघे मिळून रुग्णाची सर्वांत मोलाची वर्षे खातात.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि आशा कार्यकर्ती यांना चारच खुणा ठाऊक असल्या तरी पुष्कळ काम होईल. तरुण वयात एका डोळ्याची दृष्टी दुखण्यासह अंधूक होणे. कमरेखाली किंवा एका बाजूला एक दिवसाहून अधिक टिकणारी बधिरता. मान पुढे झुकवताच पाठीतून विजेसारखी झिणझिणी. आणि कारणाविना तोल जाणे किंवा लघवी अडणे. यांपैकी काही आढळल्यास आणि विशेषतः पूर्वीही असे काही होऊन गेले असल्यास, उतार पडला तरी रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. 'ई-संजीवनी' या सरकारी दूरध्वनी-चित्रफीत सल्लासेवेचा उपयोग पहिली शंका विचारण्यासाठी होऊ शकतो. रुग्णानेही जुने कागद, एमआरआयच्या फिल्म आणि तक्रारींच्या तारखा एका पिशवीत जपून ठेवाव्यात. निदानासाठी त्यांचे मोल फार असते.

उद्रेक आला तर

उद्रेक तीव्र असेल तर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज सुमारे एक ग्रॅम याप्रमाणे तीन ते पाच दिवस शिरेवाटे दिले जाते. त्याने दाह लवकर शमतो, मात्र दीर्घकाळात येणारे अपंगत्व त्याने टळत नाही. कमी मात्रेच्या स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे तर घातक ठरू शकते. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, डोळ्याच्या नसेच्या दाहावर केवळ अशा गोळ्या घेतलेल्या रुग्णांत आजार पुन्हा उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. स्टिरॉइडने गुण न आल्यास रक्तातील द्रव बदलण्याची प्लाझ्मा एक्स्चेंज ही प्रक्रिया केली जाते.

प्रत्येक बिघाड हा उद्रेक नसतो. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा उन्हाचा तडाखा यांमुळे जुनी लक्षणे तात्पुरती डोके वर काढतात. त्यासाठी स्टिरॉइड नको, मूळ कारणावर उपचार हवा. लक्षण नवे आहे, ताप किंवा संसर्ग नाही आणि २४ तासांहून अधिक टिकले आहे, तर तो उद्रेक समजून डॉक्टरांशी संपर्क साधावा.

आजाराची दिशा बदलणारी औषधे

१९९३ पर्यंत एमएसच्या वाटचालीत हस्तक्षेप करणारे एकही मान्यताप्राप्त औषध नव्हते. त्या वर्षी इंटरफेरॉन बीटाला अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९६ मध्ये ग्लाटिरामर अ‍ॅसिटेट आले. ही दोन्ही इंजेक्शने उद्रेकांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी करतात. २०१० मध्ये फिंगोलिमॉड ही पहिली गोळी आली. त्यामागोमाग टेरिफ्लुनोमाइड व डायमिथाइल फ्युमरेट आली. नॅटालिझुमॅब, ऑक्रेलिझुमॅब, ऑफाट्युमुमॅब ही प्रतिपिंड-औषधे त्याहून प्रभावी आहेत. २०१७ मध्ये मान्यता मिळालेले ऑक्रेलिझुमॅब हे पहिल्यापासून संथ वाढणाऱ्या प्रकारात उपयोगी ठरलेले पहिलेच औषध होय. अर्थात त्या प्रकारात त्याचा परिणाम मर्यादित आहे. औषधे निकामी ठरलेल्या काही तरुण रुग्णांत स्वतःच्याच रक्तातील मूळपेशींचे प्रत्यारोपण हाही एक पर्याय असतो. मात्र तो जोखमीचा असून अनुभवी केंद्रातच करावा लागतो.

यांतील कोणतेही औषध आजार मुळापासून काढत नाही, आणि प्रत्येकाची काही किंमत शरीरालाही मोजावी लागते. फिंगोलिमॉडच्या पहिल्या मात्रेनंतर हृदयाचे ठोके सहा तास तपासावे लागतात. टेरिफ्लुनोमाइड गर्भावस्थेत चालत नाही आणि यकृतावर लक्ष ठेवावे लागते. नॅटालिझुमॅबमुळे मेंदूच्या एका दुर्मीळ पण गंभीर संसर्गाचा धोका संभवतो. आपल्याकडे क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्याने प्रतिकारशक्ती दडपणारे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयरोग व हिपेटायटिस-बी यांची तपासणी आणि आवश्यक लसीकरण आधी उरकणे शहाणपणाचे. औषध अचानक बंद करणे हेही धोक्याचेच. फिंगोलिमॉड वा नॅटालिझुमॅब थांबवल्यावर आजार दुप्पट जोमाने उसळल्याची उदाहरणे आहेत.

खर्च हा या साऱ्यातील सर्वांत मोठा अडसर होय. परंतु येथे भारतीय रुग्णाला काही दिलासा आहे. डायमिथाइल फ्युमरेट, टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉड यांची भारतीय कंपन्यांनी बनवलेली जेनेरिक रूपे बाजारात आहेत. हैदराबादच्या नॅटको कंपनीने विकसित केलेल्या ग्लाटिरामरला तर २०१७ मध्ये अमेरिकेतही मान्यता मिळाली. रिट्युक्सिमॅब हे मुळात रक्ताच्या एका कर्करोगावरील औषध. डॉ. रेड्डीज कंपनीने त्याचे समरूप औषध २००७ मध्येच भारतात आणले. स्वीडनमध्ये झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रिट्युक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी तीन टक्के, तर डायमिथाइल फ्युमरेट घेणाऱ्यांपैकी सोळा टक्के रुग्णांना दोन वर्षांत उद्रेक झाला. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२३ मध्ये क्लॅड्रिबिन, ग्लाटिरामर आणि रिट्युक्सिमॅब ही एमएससाठीची तीन औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रथमच समाविष्ट केली.

सानगडीसारख्या ठिकाणच्या रुग्णाला याचा अर्थ विशेष आहे. रोजच्या गोळीसाठी अखंड पुरवठा आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. त्याऐवजी सहा महिन्यांतून एकदा दिले जाणारे सलाइन असेल, तर नागपूरच्या फेऱ्या कमी होतात. औषध निवडताना आजाराची तीव्रता जशी पाहावी लागते, तसेच घरापासून रुग्णालयाचे अंतर, एसटीचे भाडे, बुडणारी मजुरी हेही पाहावे लागते. या गोष्टी डॉक्टरांना सांगण्यात संकोच करू नये.

नवतपा आणि एमएस

जागतिक एमएस दिन दरवर्षी ३० मे रोजी पाळला जातो. विदर्भात हे दिवस नवतप्याचे. हा योगायोग इथल्या रुग्णांच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे, कारण उष्णता ही एमएसच्या रुग्णाची वैरीण. आवरण उडालेल्या चेतातंतूतून जाणारा संदेश शरीराचे तापमान अर्धा अंश वाढले तरी खंडित होऊ शकतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये याचे वर्णन केले. एमआरआय येण्यापूर्वी तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे वाढतात का, हे पाहून निदानाला पुष्टी दिली जाई.

पारा ४५ अंशांना टेकतो तिथे हा शास्त्रीय मुद्दा रोजच्या जगण्याचा होतो. दुपारी दृष्टी अंधुकते, पाय जड होतात आणि सायंकाळी पुन्हा बरे वाटते. याने मेंदूत नवी इजा होत नाही, हे रुग्णाला सांगितले तर त्याची निम्मी भीती जाते. कष्टाची कामे पहाटे उरकणे, कूलरचा वारा, ओला दुपट्टा, गार पाण्याने अंघोळ, वारंवार पाणी पिणे आणि ताप आल्यास तो लगेच उतरवणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. वीज गेली की कूलर बंद पडतो, म्हणून घरातील सर्वांत थंड खोली रुग्णाला द्यावी.

औषधांपलीकडचे उपचार

थकवा हे एमएसचे सर्वाधिक आढळणारे आणि सर्वांत कमी समजले जाणारे लक्षण. रुग्ण धडधाकट दिसतो, म्हणून घरचे त्याला आळशी ठरवतात. २०२१ मधील एका चाचणीत थकव्यासाठी सर्रास दिली जाणारी तीन औषधे बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. उलट कामांचे तुकडे पाडणे, मध्ये विश्रांती घेणे, झोप व नैराश्य यांकडे लक्ष देणे आणि नियमित व्यायाम यांचा उपयोग होतो. एमएसमध्ये व्यायाम टाळावा, असे पूर्वी सांगितले जाई. आता ते मत मागे पडले आहे. फिजिओथेरपिस्टकडून ताण देण्याचे, तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकून घेतले तर ते घराच्या ओट्यावरही करता येतात.

स्नायूंच्या ताठरपणावर बॅक्लोफेन व टिझानिडिन, नसांच्या वेदनेवर गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन ही औषधे तुलनेने स्वस्त असून जेनेरिक स्वरूपात मिळतात. लघवीच्या तक्रारी मात्र लाजेपोटी सांगितल्याच जात नाहीत. त्यांवर औषधे आहेत आणि लघवी पूर्ण होत नसेल तर स्वच्छ नळी स्वतः घालण्याचे तंत्रही शिकता येते. त्याने वारंवार होणारा संसर्ग टळतो. घरात उकिडवे बसण्याच्या शौचालयाऐवजी खुर्चीचे शौचालय, न्हाणीघरात धरायला दांडी, उंबऱ्याजवळ उतार असे बदल फार खर्चाचे नसतात, पण स्वावलंबन टिकवतात. विडी-सिगारेट सोडणे हा तर बिनखर्चाचा उपचार, कारण धूम्रपानाने अपंगत्व लवकर येते.

विवाह व मातृत्वाविषयीचे गैरसमज विशेष दुःखदायक आहेत. एमएस असलेल्या स्त्रीने मूल होऊ देऊ नये, असा सल्ला एके काळी दिला जाई. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या अभ्यासाने दाखवले, की गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीत उद्रेक लक्षणीय घटतात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते वाढतात. म्हणजे मूल नाकारण्याचे कारण नाही. औषधांचे नियोजन आधी आणि काळजी नंतर, एवढेच पथ्य. आई किंवा वडिलांना एमएस असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता साधारण दोन ते तीन टक्के असते. आजार लपवून केलेले लग्न उपचार लपवायला लावते, आणि त्याची किंमत पुढे दोन्ही घरे मोजतात.

कायद्याचा आधार

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात एमएसचे नाव नव्हते. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद झाले आणि त्यांत एमएसचा स्पष्ट उल्लेख आला. पूर्व विदर्भाला ग्रासणारा सिकलसेलही त्याच यादीत आहे. वैद्यकीय मंडळाने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित केल्यास अनेक योजनांची दारे उघडतात. त्यासाठी 'यूडीआयडी' ओळखपत्राचा अर्ज संगणकावरून करता येतो. सरकारी नोकरीतील आरक्षण ठरावीक गटांपुरते असल्याने एमएसच्या रुग्णाला ते मिळणे बहुधा हालचालीच्या वा दृष्टीच्या दिव्यांगत्वाच्या नोंदीवर अवलंबून राहते. मात्र सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला काढून टाकू नये वा त्याची पदावनती करू नये, हे कायद्याने बजावले आहे.

राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक साह्य दीड हजारावरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. त्याचा अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. ग्रामसभेत हा हिशेब विचारण्याचा रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

उणिवाही स्पष्ट आहेत. थकवा, वेदना, विस्मरण ही न दिसणारी लक्षणे टक्केवारीत पकडणे कठीण. तपासणीच्या दिवशी उतार असेल तर आकडा कमी येतो. आणि आयुष्यभर घ्यावयाच्या औषधांचा बोजा आजही मुख्यतः कुटुंबाच्याच खांद्यावर आहे. जागतिक संघटनेने अत्यावश्यक ठरवलेली औषधे जिल्हा रुग्णालयातून नियमित मिळू लागली, तर एमएसच्या रुग्णांसाठी ती कोणत्याही अनुदानापेक्षा मोठी मदत ठरेल.

फसव्या आशांपासून सावध

जिथे कायमचा उपाय नाही, तिथे चमत्काराचे दुकान थाटले जाते. इटलीतील एका शल्यविशारदाने २००९ मध्ये मानेच्या शिरा रुंद केल्यास एमएस बरा होतो, असा दावा केला. त्या शस्त्रक्रियेसाठी परदेशी रुग्ण भारतातही येऊन गेले. पुढे इटली व कॅनडातील काटेकोर चाचण्यांत तिचा काहीही लाभ आढळला नाही. मूळपेशींची इंजेक्शने देणाऱ्या जाहिरातबाज दवाखान्यांबाबतही तीच दक्षता हवी. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही विकारांखेरीज असे उपचार मान्य चाचणीबाहेर देता येत नाहीत. शेत विकून पैसे उभे करण्यापूर्वी एका शासकीय रुग्णालयातील मेंदूविकारतज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एमएसचे निदान म्हणजे असहाय प्रतीक्षा होती. आज वेळेवर निदान झालेली तरुणी शिक्षण, नोकरी, संसार सांभाळू शकते, अशी स्थिती आहे. परंतु ही प्रगती शहराच्या वेशीपाशी थांबू नये. त्यासाठी नवे औषध शोधण्याची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात शंका घेणारे डोळे हवेत, जिल्ह्याच्या ठिकाणी औषधे हवीत, आणि घरोघर एवढे उमगायला हवे, की या आजारात उतार पडला तो दिवस उपचार संपवण्याचा नसून सुरू करण्याचा असतो.